बर्फातली कोंबडी जगते, मग आमची पिल्ले का दगावली?

आमच्या नांदेडच्या वस्तीतला एक मुलगा लष्करात आहे. दोन हिवाळे तो लडाखमध्ये, लेहच्या बाजूला होता. सुटीवर आला की संध्याकाळी ओट्यावर पोरे त्याच्याभोवती जमतात आणि बर्फाच्या गोष्टी विचारतात. आमच्याकडच्या पोरांनी बर्फ पाहिलेला असतो तो गारीगारवाल्याच्या पेटीत. त्यामुळे रस्ते, छपरे, झाडे सगळे बर्फाखाली जाते हे ऐकताना त्यांचे डोळे मोठे होतात.

अशाच एका संध्याकाळी त्याने तिथल्या कोंबड्यांची गोष्ट सांगितली. छावणीजवळच्या एका घरी आठ-दहा कोंबड्या होत्या. रात्री पारा उणे १५ पर्यंत उतरायचा. सकाळी कोंबड्यांच्या भांड्यातले पाणी दगडासारखे घट्ट व्हायचे. दार उघडले की कोंबड्या उंबऱ्यावर उभ्या राहायच्या, समोरची पांढरी जमीन बघायच्या आणि परत आत जायच्या. घरधनीण बर्फावर राख नाहीतर गवत पसरून वाट करून द्यायची, तेव्हा कुठे त्या बाहेर पाऊल टाकायच्या.

"आणि जगतात का रे त्या?" लेकरांच्या आईने दारातूनच विचारले.

"जगतात की, काकू. अंडी कमी देतात, पण जगतात."

ती काही बोलली नाही, आत निघून गेली. तिच्या मनात काय आले ते आम्ही ओळखले.

त्याआधीच्या जानेवारीत आमच्या घरी दोन खुडूक कोंबड्यांनी मिळून अठरा पिल्ले काढली होती. आमच्याकडे शेत नाही, जनावर नाही. आमचा पगार किराणा, भाडे आणि औषधात संपतो. मोठी मुलगी वसतिगृहात राहून शिकते. तिचा वरखर्च आईच्या अंड्यांच्या पैशातून जातो. तेव्हा अठरा पिल्ले म्हणजे आमच्या घरी मोठी गोष्ट होती. कोंबड्या लवकर अंड्यावर याव्यात म्हणून पिल्ले आईपासून वेगळी केली, एका पत्र्याच्या पेटीत ठेवली, वर साठ वॅटचा बल्ब सोडला. त्या रात्री कडाका फार होता. वारा लागू नये म्हणून पेटी चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदाने गुंडाळली. पहाटे कधीतरी वीज गेली. सकाळी कागद काढला तर चौदा पिल्ले एका कोपऱ्यात एकावर एक पडलेली. चार तेवढी जिवंत होती.

त्या दिवसापासून लेकरांच्या आईने एकही कोंबडी अंड्यावर बसवली नव्हती. "आपल्याला ते जमत नाही," एवढेच ती म्हणायची. आता लष्करातल्या पोराच्या गोष्टीने प्रश्न उभा केला. उणे पंधरात कोंबडी जगते, मग नांदेडच्या आठ-नऊ अंशांत आमची पिल्ले कशी दगावली? याचे उत्तर शोधण्यासाठी गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघे एस.टी.ने नांदेडहून निघालो. माळेगाव, उदगीर आणि किल्लारी असा तो चार दिवसांचा प्रवास झाला. त्याचीच ही हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

मराठवाड्याचा गारठा

मराठवाडा म्हटले की लोकांना ऊन आणि दुष्काळ आठवतो. परंतु आपल्याकडची थंडीही साधी नाही. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली ऊब आभाळात सोडून देते. उत्तरेकडचे गार वारे सुटले की पारा भराभर खाली येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर शेजारच्या परभणीत तो ३ अंशांच्या आसपास उतरला होता. दुपारी मात्र अंगातला सदरा काढावा असे ऊन असते. एका दिवसात वीस अंशांचा फरक! बर्फाच्या मुलखात थंडी एकसारखी असते, तिथले जीव तिच्या तयारीतच राहतात. आपल्याकडे दुपार फसवते आणि रात्र गाठते.

आणखी एक गोष्ट. आपल्या वस्त्या बहुतेक गावांत कडेला आहेत, कुठे उघड्या माळाला, कुठे ओढ्याच्या काठाला. गावाच्या मधल्या गल्लीतल्या घराला शेजारच्या भिंतींचा आडोसा असतो. कडेच्या घराला वारा पहिल्यांदा लागतो आणि ओढ्याकाठी दवही जास्त पडते. असे का झाले ते या वाचकांना सांगावयास नको. परंतु कोंबड्यांचे खुराडे बांधताना हे ध्यानात ठेवावे लागते.

माळेगावच्या पालावर

नांदेडहून लातूरच्या रस्त्याने निघाले की लोहा लागते आणि लोह्याच्या पुढे माळेगाव. येथील खंडोबाची यात्रा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. आम्ही दर्शनाला गेलो नव्हतो, बाजार पाहायला गेलो होतो. घोडे, गाढवे, उंट, कुत्री, काय म्हणाल ते येथे येते. नांदेड जिल्हा परिषद या यात्रेत जनावरांचे प्रदर्शन भरवते आणि त्यात कोंबड्याही असतात. पिंजऱ्यात उंच मानेचे, रागीट डोळ्यांचे असील कोंबडे होते, काळेकुट्ट कडकनाथ होते, सुधारित जातीच्या रंगीत कोंबड्या होत्या. लेकरांची आई प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबत होती. घरी 'जमत नाही' म्हणणारी बाई येथे मात्र कोंबड्यांचे वजन डोळ्यांनीच जोखत होती.

परंतु आमचे खरे काम झाले ते प्रदर्शनाच्या बाहेर. माळावर भटक्या मंडळींची पाले पडली होती. एका पालापुढे एक म्हाताऱ्या आजी बसल्या होत्या. त्यांच्याजवळ सहा कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा मोकळा फिरत होता. वर आभाळ, खाली माळ आणि रात्री बोचरा वारा. या कोंबड्यांना ना खुराडे, ना भिंत. तरी त्या टवटवीत होत्या. आम्ही विचारले, "आजी, एवढ्या गारठ्यात उघड्यावर कोंबड्या मरत नाहीत का?"

आजी हसल्या. "थंडीनं कोंबडी मरत न्हाई बापू. उपाशी पोटी मरती, न्हाईतर वल्यानं मरती."

दिवस मावळायला आला तशी त्यांनी मूठमूठ ज्वारी टाकली. कोंबड्यांनी ती अधाशासारखी टिपली. मग आजींनी एकेक कोंबडी धरून गळ्याखालची पिशवी चाचपली. जिची पिशवी भरली नव्हती तिला पुन्हा दाणे घातले. कोरड्या जागेवर थोडी राख, तिच्यावर कडब्याचा चुरा पसरला आणि कोंबड्या डालग्याखाली डालल्या. डालग्यावर बारदान टाकले ते फक्त वाऱ्याच्या बाजूने. दुसरी बाजू उघडीच ठेवली.

"आजी, सगळे डालगे का झाकत नाही?" लेकरांच्या आईने विचारले.

"समदं कामून झाकू माय? तिला दम घेऊ द्या की!"

मग आम्ही आमच्या चौदा पिल्लांची हकीकत सांगितली. आजींनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला. "सकाळी कागद काढला तवा आतून वल्ला व्हता का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कागदाला आतून थेंब लागलेले होते. खालचा भुसाही ओलसर होता. त्या वेळी आम्ही तिकडे लक्ष दिले नव्हते. आजींनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केले. पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

उदगीरला उलगडा झाला

माळेगावहून अहमदपूर, शिरूर ताजबंद करीत आम्ही उदगीरला पोहोचलो. येथे आमचे नातलग आहेत. उदगीर भागातली देवणी गाय आणि वळू नावाजलेले आहेत आणि १९८७ पासून येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नातलगांच्या ओळखीने एका पशुवैद्य डॉक्टरसाहेबांची भेट झाली. त्यांनी चहा पाजला आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर अगदी मुळापासून दिले.

कोंबडीचे अंग माणसापेक्षा गरम असते. आपले ३७ अंश, तर तिचे ४१ ते ४२. ही ऊब ती पिसांत धरून ठेवते. थंडी वाजली की ती पिसे फुलवते आणि पिसांमध्ये हवा अडकते. आपल्या वाकळेचेही असेच असते. चिंध्यांच्या थरांत हवा अडकते म्हणून वाकळ ऊबदार असते. तीच वाकळ भिजली तर काय उपयोग? कोंबडीची पिसे ओली झाली की तिची वाकळ गेली.

पाय तर उघडे असतात. त्यांचे कसे? तर शरीरातून पायांकडे जाणारे गरम रक्त आणि पायांतून वर येणारे गार रक्त अगदी शेजारून वाहते. खाली जाणारे रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पाय गार राहिले तरी अंगातली ऊब वाया जात नाही. शिवाय कोंबडी एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेते, चोच पंखाखाली खुपसते. बसायला आडवी काठी दिली तर तिच्यावर बसून दोन्ही पायांची बोटे पोटाखाली झाकते. म्हणून थंडीत काठी असावी आणि ती अंगठ्याएवढी बारीक नसावी, मनगटाएवढी जाड असावी.

तुऱ्याला मात्र पिसे नसतात. बर्फाच्या मुलखात मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्यांचा तुरा थंडीने काळा पडून झडतो. कॅनडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मठातल्या साधूने यासाठी मुद्दाम 'शँटेक्लेर' नावाची जात तयार केली. तिचा तुरा अगदी छोटा, डोक्याला चिकटलेला. आपल्याकडच्या असीलचा तुराही लहानच असतो. आपल्या थंडीत तुरा झडण्याची भीती नाही. परंतु कोंबडी थंडीशी किती तऱ्हांनी झुंजते हे यावरून कळते.

रात्रीच्या दाण्याचेही डॉक्टरसाहेबांनी सांगितले. दाणा हळूहळू पचतो आणि पचताना अंगात ऊब तयार होते. पिशवी भरलेली कोंबडी रात्रभर आपली शेगडी पेटती ठेवते. माळेगावच्या आजी पिशवी का चाचपत होत्या ते आम्हाला आता कळले.

मग आमच्या पिल्लांचा विषय निघाला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "कोंबडी श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओल बाहेर टाकते. खुराडे चारी बाजूंनी बंद केले की ती ओल आत कोंडते, कागदाला थेंब धरतात आणि तेच पाणी पिल्लांच्या अंगावर पडते. वरून विष्ठेचा उग्र वायू कोंडतो. वारा अंगावर नको, पण हवा खेळती हवीच. खालून आडोसा आणि वरून झरोका, हा नियम आहे."

त्यांनी एक सोपी परीक्षा सांगितली. पहाटे खुराड्यापाशी खाली बसावे आणि कोंबडीच्या उंचीवर नाक न्यावे. डोळे चुरचुरले तर समजावे, झरोका कमी पडतो आहे.

"पण साहेब, मोठी कोंबडी आणि पिल्लू यांत फरक असेल ना?" आम्ही विचारले.

"मोठा फरक आहे. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. चार-पाच आठवड्यांनी पिसे येईपर्यंत त्याला स्वतःची ऊब सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करीत जावे. पिल्ले एका जागी गोळा झाली तर थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडते आहे. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असतील तर ठीक आहे. तुमची वीज गेली, पिल्ले ऊब शोधत कोपऱ्यात एकमेकांवर चढली. खालची गुदमरली, वरची ओली होऊन गारठली." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आई कुठे होती त्यांची?"

लेकरांच्या आईने मान खाली घातली. "वेगळी केली होती. लवकर अंड्यावर यावी म्हणून."

"अहो ताई, तिच्या पंखाखालची वीज कधी जात नाही," डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले. "पोल्ट्रीवाला हजार पिल्ले पाळतो, त्याला बल्बशिवाय गत्यंतर नाही. त्याच्याकडे वीज गेली तर कोळशाची शेगडी तयार असते, रात्रभर जागणारा माणूस असतो. तुमच्या अठरा पिल्लांना दोन आया होत्या. महिनाभर अंडी मिळाली नसती, पण पिल्ले राहिली असती."

बाहेर आल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे थंडीने नाही गेली. आपल्या घाईने गेली." आम्ही म्हणालो, "घाई आपण दोघांनी केली. कागद तर आम्ही गुंडाळला होता." चौदा पिल्लांचा दोष वर्षभर तिने एकटीने वाहिला होता. उदगीरच्या त्या रस्त्यावर तो पहिल्यांदा अर्धा झाला.

येथे एक महत्त्वाची सूचना द्यावयाची आहे. हिवाळ्यात मेलेली प्रत्येक कोंबडी थंडीने मेलेली नसते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे आणि लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडी येथे कोंबड्या पटापट मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये खुद्द उदगीर शहरात कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच रोग आढळला. थंडीच्या दिवसांत दूरदेशीचे पक्षी आपल्या तळ्यांवर उतरतात, त्यांच्यामार्फत हा रोग येऊ शकतो. म्हणून एकाएकी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेले तर उघड्या हाताने शिवू नये, मेलेली कोंबडी खाऊ नये, ओढ्यात फेकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे. आपल्या कोंबड्या मारून टाकतील या भीतीने पुष्कळ लोक लपवून ठेवतात. परंतु लपविल्याने रोग शेजारच्या घरी जातो आणि माणसालाही धोका होऊ शकतो.

किल्लारीचा पत्रा

उदगीरहून लातूर आणि तेथून औसा, लामजना करीत आम्ही किल्लारीकडे गेलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या भागातली गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. आज नव्या जागी वसलेल्या गावांत सरळ रस्ते आणि पक्की घरे दिसतात. आमच्या दूरच्या नात्यातल्या एक मावशी अशाच एका गावात राहतात. त्यांनी आपले कोण कोण त्या पहाटे गमावले ते येथे लिहीत नाही.

मावशींनी जुन्या घराची आठवण काढली. दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचे माळवद. थंडीत घर ऊबदार आणि उन्हाळ्यात गार. भिंतीतच कोंबड्यांसाठी कोनाडा ठेवलेला, पलीकडे चूल. चुलीची ऊब रात्रभर भिंतीत राहायची. त्याच भिंतींनी आणि माळवदांनी माणसे मारली. भूकंपानंतरचा पहिला हिवाळा लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढला.

"पत्रा रातभर रडायचा," मावशी म्हणाल्या. "माणसायच्या दमानं पत्र्याला आतून पाणी सुटायचं आन् पहाटं टपटप अंगावर पडायचं."

ढिगाऱ्याजवळ मावशींना आपली एक तलंग जिवंत सापडली होती. तिला त्यांनी शेडमध्ये आणले. मदतीत धान्य मिळाले, भांडी मिळाली, पांघरुणे मिळाली. परंतु आपले म्हणावे असे त्यांच्याजवळ तेवढे एकच उरले होते. त्या कोंबडीवर पत्र्याचे पाणी पडू नये म्हणून त्यांनी पत्र्याखाली दोऱ्या बांधून पोती ताणली आणि पोती व पत्रा यांच्यामध्ये कडबा भरला. टपटप थांबली. कोंबडीसाठी केलेला उपाय बघून शेजारच्या बायांनी आपापल्या लेकरांच्या डोक्यावर तशीच पोती बांधली. फाल्गुनात ती तलंग अंड्यावर आली. "तिचं पैलं अंडं इकलं तवा वाटलं, आता जगायचं," मावशी म्हणाल्या.

बर्फाचा विषय काढताच मावशी म्हणाल्या, "बर्फ आमी बी बघितला की!" २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपिटीने धुमाकूळ घातला होता. हाताशी आलेली ज्वारी, गहू, हरभरा झोपला. द्राक्षबागा झडल्या, जनावरे आणि पाखरे मेली. रानात गारांचा पांढरा थर साचला होता. मावशींच्या शेजारच्या घरच्या चरायला गेलेल्या कोंबड्या गारांच्या माराने मेल्या. मावशींच्या काही कोंबड्या उलट्या बैलगाडीखाली शिरल्या म्हणून वाचल्या, पण त्या चिंब भिजल्या होत्या. मावशींनी एकेकीला जुन्या लुगड्याने कोरडे केले, चुलीपासून हातभर अंतरावर पाटीखाली ठेवले आणि कोमट पाण्यात गूळ कालवून पाजला. एकदम विस्तवाजवळ नेले तर धक्का बसतो, हे त्या अनुभवाने जाणत होत्या.

माळावरच्या आजी, शिकलेले डॉक्टरसाहेब आणि किल्लारीच्या मावशी यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. तरी तिघांचे म्हणणे एकच निघाले. पोट भरलेले असावे, अंग कोरडे असावे, वारा अडवावा पण हवा अडवू नये. लेहच्या त्या घरधनिणीलाही हेच ठाऊक असणार. नाहीतर उणे पंधरात तिच्या कोंबड्या जगत्या ना.

परत घरी

नांदेडला आल्यावर लेकरांच्या आईने दुसऱ्याच दिवशी एक खुडूक कोंबडी बारा अंड्यांवर बसवली. आम्ही खुराडे नीट केले. उत्तरेची आणि पूर्वेची बाजू विटा रचून बंद केली, तोंड दक्षिणेला ठेवले म्हणजे दिवसभर ऊन आत येते. छपराखाली चार बोटे झरोका ठेवून त्याला जाळी मारली, कारण बोका आणि मुंगूस यांचाही विचार करावा लागतो. पत्र्याखाली पोते ताणून कडबा भरला. खाली वीतभर कोरडा भुसा टाकला. तो रोज हलवायचा आणि ओला झालेला भाग काढून टाकायचा, कारण ओल्या भुशात पिल्लांना रक्ताची हगवण लागते. सकाळी कोमट पाणी, संध्याकाळी ज्वारी नाहीतर मक्याची भरड. प्लॅस्टिकचा कागद मुलांनी वह्यांना घालायला नेला.

एकविसाव्या दिवशी दहा पिल्ले निघाली. जानेवारीचे दिवस होते, गारठा तसाच होता. पहिल्या रात्री आम्हाला दोघांनाही झोप लागली नाही. दोन वाजता वीज गेली, तेव्हा आम्ही बॅटरी घेऊन खुराड्यापाशी गेलो. कोंबडी फुगून डोंगराएवढी झाली होती आणि तिच्या पिसांतून एक पिवळी चोच तेवढी बाहेर डोकावत होती. लेकरांच्या आईने बॅटरी विझवायला सांगितली. "झोपू द्या त्यांना," ती म्हणाली. दहापैकी एक पिल्लू पुढे घारीने नेले. नऊ मोठी झाली.

थंडीत अंडी कमी झाली तर कोंबडीला दोष देऊ नये. तिला अंड्यावर राहायला चौदा तास तरी उजेड लागतो आणि आपल्याकडचा हिवाळ्यातला दिवस अकरा तासांचा. शिवाय खाल्लेले अन्न ऊब राखण्यात जाते. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्यात दोन महिने विसावा घेतला तर तो तिचा हक्कच आहे.

शेवटी एक विनंती वस्तीतल्या महिला मंडळांना आणि तरुणांना आहे. कोंबड्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. हिमालयाच्या पायथ्याकडच्या डोंगरातल्या राणीखेत गावाचे नाव या रोगाला पडले आहे. त्यावर औषध नाही, लस आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात 'लासोटा' लसीचा एक थेंब टाकतात आणि पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस टोचतात. अडचण अशी की लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची असते आणि एकदा मिसळली की दोन तासांत वापरून संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई एकटी ती बाटली आणत नाही आणि मग साथीत सगळ्या वस्तीची खुराडी रिकामी होतात. दहा घरांनी एक दिवस ठरवला, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवले, तर घरटी खर्च अगदी किरकोळ येतो. आमच्या गल्लीत आता सात घरे मिळून हे करतात.

ती बाटली गार ठेवावी लागते. म्हणून आमच्या गल्लीतला एक पोरगा थर्मासमध्ये बर्फ भरून ती सायकलवर घेऊन येतो. लष्करातला तो मुलगा परवा सुटीवर आला तेव्हा लेकरांच्या आईने त्याला थर्मास उघडून दाखवला आणि म्हणाली, "हा बघ, आमच्या कोंबड्यांचा बर्फ."